फ्लॅश मारला की काम झालं?

थंडीत दीपनगरच्या आसपासच्या शिवारात भरीत पार्ट्या रंगतात. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली जात असतात, मागे औष्णिक वीज केंद्राचे दिवे लखलखत असतात. फोटोत मात्र पांढरेफटक चेहरे आणि मागे काळाकुट्ट अंधार. मग 'फ्लॅश कमी पडला' म्हणून सगळे मोकळे होतात.

फ्लॅश कमी पडलेला नसतो. प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो: दोन मीटरवर जेवढा पडतो, त्याचा चौथा हिस्सा चार मीटरवर. वीज केंद्राच्या चिमण्यांपर्यंत तो पोचायचा प्रश्नच नाही. पंगतीचा फोटो काढताना पुढचे भुतासारखे पांढरे अन् मागचे अंधारात, तेही याच हिशोबाने. मागचे दिवे यायचे तर शटर जास्त वेळ उघडं राहायला हवं. ऑटोवर बरेच कॅमेरे १/६० सेकंदाच्या आसपास थांबतात. स्लो सिंक किंवा नाइट पोर्ट्रेट लावलं, की ते १/८, १/४ पर्यंत खाली येतात. चेहऱ्याला फ्लॅश, मागच्या दिव्यांना शटर, अशी ही वाटणी आहे.

'स्लो सिंकला फोटो हलतोच', हे अर्धंच खरं. फ्लॅशचा झोत बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकतो, त्यामुळे त्यात उजळलेला चेहरा नेटका येतो. पण त्याच चेहऱ्यावर जाळाचा उजेड असेल, तर पुढची हालचालही नोंदली जाते आणि कानाशेजारी दुसरा कान उगवतो. गंमत अशी, की फ्लॅश चमकला की माणसं 'झालं' म्हणून उठतात, शटर मात्र अजून उघडंच! रिअर कर्टन सिंकमध्ये मुख्य झोत शेवटी पडतो खरा, पण ऑटो फ्लॅशवर आधी मोजणीचा छोटा झोत पडतो, आणि लोक त्यालाच फसतात. म्हणून 'मी सांगेपर्यंत हलू नका' हे आधीच बजावावं. माणसांना जाळापासून थोडं लांब उभं करावं आणि कॅमेरा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर टेकवावा.

घरात छताकडे बाउन्स करणारे शेतातही फ्लॅश आभाळाकडे वळवतात. तिथे प्रकाश परतवायला छत कुठून येणार? त्यापेक्षा फ्लॅशची ताकद एखादा स्टॉप कमी करा आणि त्यावर नारिंगी जिलेटिन लावा. जाळाचा उजेड तांबूस आणि फ्लॅशचा दिवसासारखा पांढरा, हा विजोडपणा त्याने बराच मिटतो.

मोबाइलचा 'फ्लॅश' बहुतेक वेळा नुसती एलईडी बॅटरी असते, झोत नव्हे. त्याने हालचाल गोठत नाही. तिथे नाइट मोड बरा.

राहिले लाल डोळे. तो कॅमेऱ्याचा बिघाड नव्हे. अंधारात बाहुली मोठी होते आणि लेन्सला खेटून असलेल्या फ्लॅशचा प्रकाश डोळ्याच्या मागच्या रक्तपुरवठ्यावरून तांबडा होऊन परततो. रेड-आय मोड आधी उजेड टाकून बाहुली लहान करतो. फ्लॅश हातात धरून लेन्सपासून लांब नेला, तर त्या मोडचीही गरज उरत नाही.