किलोच्या भावात मराठी

भंगाराच्या गोदामात जुन्या कॉम्प्युटरचा भाव वजनावर ठरतो. पत्र्याचं कॅबिनेट लोखंडात जातं, एसएमपीएसमधली, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातली, वेटोळी तांब्यात आणि बोर्ड वेगळ्या ढिगात. सगळ्यात चढा भाव सोन्याच्या मुलाम्याला. 386, 486 च्या पिढीतल्या सिरॅमिक प्रोसेसरच्या पिना सोनेरी असत आणि इंटेलचा 1995 मधला पेंटियम प्रो तर त्यातल्या सोन्यासाठी आजही जगभर शोधला जातो. त्यामुळे जुनं हार्डवेअर जमवणाऱ्याची खरी चढाओढ सोनं काढणाऱ्याशी असते आणि तीत तो बहुतेकदा हरतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हिंडणाऱ्या संग्राहकाने या चढाओढीत पडूच नये. ज्याला भंगारवाला हातही लावत नाही ते त्याने आधी उचलावं, कारण मराठीच्या अलीकडच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा त्या नकोशा मालात अडकला आहे.

हा पट्टाच का, याला कारण आहे. उल्हासनगर हे गावच मुळी दुसऱ्यांदा वापरात आणलेलं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना जागा दिली गेली, 8 ऑगस्ट 1949 ला गावाचं नाव ठरलं, पण पत्ता सांगताना लोक आजही ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’च म्हणतात. दुरुस्ती, नक्कल आणि पुनर्विक्री यांवर इथला बाजार उभा राहिला. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आता त्या मालाइतकाच जुना झालाय. शेजारी अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, आनंदनगर आणि बदलापूरची एमआयडीसी. कारखान्यातला कॉम्प्युटर घरातल्यापेक्षा जास्त जगतो. एखादं यंत्र चालवणारं कार्ड जुन्या आयएसए खाचेतच बसत असेल, तर मालक त्या एका कार्डापायी अख्खा 486 सांभाळतो. यंत्र निघालं की तोही निघतो. अशा लॉटमध्ये डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, टीव्हीएसचे कडकडणारे कीबोर्ड, क्वचित एचसीएलचा ‘बिझीबी’ पीसी मिळण्याची आशा धरायला हरकत नाही. (इथे एक सावधगिरी: बाजारात ‘सीपीयू’ म्हणजे अख्खा डबा. प्रोसेसर हवा असेल तर प्रोसेसरच मागावा.)

आता नकोशा मालाबद्दल. 1984 च्या संगणक धोरणानंतर कॉम्प्युटर कचेऱ्यांत शिरला, पण त्याला देवनागरी येत नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने बाजारात आणलेलं ‘जिस्ट’ कार्ड डॉसवर चालणाऱ्या पीसीत खोचलं, की पडद्यावर मराठी अक्षरं उमटत. मग 1991 मध्ये ‘इस्की’ ही सांकेतिक प्रणाली भारतीय मानक झाली. छपाईचा धंदा मात्र वेगळ्याच वाटेने गेला. डीटीपीच्या मराठी फॉन्टांत प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने रोमन अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवली. तो फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अनेक सॉफ्टवेअर तर प्रिंटरच्या पोर्टला कुलपासारखा छोटा ‘डाँगल’ लावल्याशिवाय उघडतच नसत. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, पण सामान्य माणसाच्या हाती ती विंडोज 2000 आणि र. कृ. जोशी यांच्या ‘मंगल’ फॉन्टबरोबर आली. मधल्या काळात टाइप झालेल्या ग्रामपंचायतींच्या नोंदी, पतपेढ्यांचे अहवाल आणि दिवाळी अंकसुद्धा फ्लॉप्यांवर राहिले. छापील अंक ग्रंथालयात सापडेल. न छापलेली हस्तलिखितं, संपादकांनी गाळलेले परिच्छेद, पत्रव्यवहार हे सगळं सापडलं तर तिथेच.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो: आता इम्युलेटर आहेत, मग लोखंड कशाला साठवायचं? इम्युलेटर जुना प्रोसेसर हुबेहूब वठवतो हे खरं. पण फ्लॉपीवरचा मजकूर त्याच्यापर्यंत पोचवायला ड्राइव्ह लागतोच. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबी ड्राइव्ह मिळतो. सव्वापाच इंचीसाठी जुनाच ड्राइव्ह शोधावा लागतो, आणि चुंबकीय खुणा थेट टिपणारी आधुनिक उपकरणंही त्या जुन्या ड्राइव्हलाच जोडावी लागतात. डाँगल आणि जिस्ट कार्ड यांची नक्कल करायची तरी आधी एक अस्सल नमुना समोर हवा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, बोर्डांवरचं सोनं आम्लात काढताना जे वाहतं ते नाल्यात जातं, आणि वालधुनी नदीची अवस्था इथे कुणाला सांगायला नको. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेले ई-कचरा नियम माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे जावा असं म्हणतात, आणि ते योग्यच आहे. घरात चाळीस मॉनिटर रचणारा संग्राहक पर्यावरणाची सेवा करत नाही, तो कचऱ्याची तारीख पुढे ढकलतो. म्हणूनच माझा आग्रह थोड्या मालापुरता आहे: कार्ड, ड्राइव्ह, डाँगल, त्यांची पुस्तिका आणि फ्लॉप्या. डबे जाऊ द्यावेत. खासगी माहितीचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही. कुणाच्या तरी खातेवहीची फ्लॉपी हाती आली, तर ती वाचण्याचा अधिकार विकत घेताना मिळत नाही. अशा वेळी मूळ संस्थेला आधी विचारावं. ती संस्थाच उरली नसेल, तर निदान माणसांची नावं झाकूनच पुढे जावं.

वेळ थोडा आहे आणि त्याची कारणं अगदी साधी. 286 ते 486 काळातल्या अनेक मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी असे; ती गळते आणि क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो. बोर्ड मिळाला की पहिलं काम ती कापून काढण्याचं. फ्लॉपीला दमट हवेत बुरशी येते, आणि हा प्रदेश पुराचा आहे: 26 जुलै 2005 आहेच, शिवाय जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, तेव्हा उल्हास नदीकाठच्या तळमजल्यांवर काय भिजलं असेल याचा अंदाज करता येतो. पुरातून वाचलेला माल वर्गवारीला येतो, तेव्हा प्रोसेसर आधी वेगळे काढले जातात आणि बोर्ड त्यांच्यामागून. काही ग्रॅमचा डाँगल, ज्यात काढण्याजोगं सोनं नाही की तांबं, तो प्लास्टिकच्या ढिगात पडतो.