शेजारच्या शाळा (लेखांक ५) : शाखा निवडायची कधी?

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. तेव्हा पास झालेल्या मोजक्या मुलांत न्यायमूर्ती रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही. कलकत्ता आणि मद्रासमध्येही त्याच काळात अशाच परीक्षा सुरू झाल्या आणि पुढची शंभर वर्षं उपखंडातल्या बहुतेक शाळा मॅट्रिककडे डोळे लावून शिकवत राहिल्या. १९३३ साली एसएलसी ही स्वतःची शालान्त परीक्षा सुरू होईपर्यंत नेपाळची मुलंसुद्धा मॅट्रिक द्यायला भारतात येत. सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, तेवढं निराळं. तिथे केंब्रिजच्या आणि लंडनच्या परीक्षा चालत.

मूळ एकच असल्यामुळे आजही या देशांच्या शाळा वरवर सारख्याच दिसतात. बांगलादेशात दहावीला एसएससी आणि बारावीला एचएससी. पाकिस्तानात मॅट्रिक आणि इंटर. नेपाळमध्ये पूर्वीच्या एसएलसीच्या जागी आता दहावीला एसईई आणि शाळा बारावीपर्यंत. फक्त श्रीलंकेत शाळा तेरा वर्षांची : अकरावीला ओ-लेव्हल, तेरावीला ए-लेव्हल. वर्षं मोजून एवढंच हाती लागतं. मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते दोन प्रश्न : मुलाला शाखा कितव्या वर्षी धरावी लागते, आणि ती चुकली तर बदलता येते का?

आपल्याकडे हा निर्णय दहावीनंतर होतो. बांगलादेशात तो नववीतच उरकतो. आठवी संपली की मूल विज्ञान, मानव्यविद्या किंवा वाणिज्य यांपैकी एका गटात जातं. विज्ञानवाल्याला अकरावीत दुसऱ्या गटात जाता येतं, पण मानव्यविद्येतून एसएससी झालेल्याला अकरावीत विज्ञान मिळत नाही. चौदाव्या वर्षी गणिताच्या धास्तीने घेतलेला निर्णय जन्मभराचा होऊन बसतो. नव्या अभ्यासक्रमात ही गटवारी काढून टाकली होती. २०२४ साली नववीची मुलं गटांशिवाय शिकायला बसली. ऑगस्टमध्ये सरकार गेलं आणि हंगामी सरकारने गट परत आणले. वर्षभर एका पद्धतीने शिकलेल्या त्या मुलांना दहावीत आल्यावर गट निवडावा लागला आणि आटोपशीर अभ्यासक्रमावर एसएससीची तयारी करावी लागली. गट असावेत की नसावेत यावर वाद जरूर घालावा, पण चालू तुकडीवर असले प्रयोग करू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

पाकिस्तानातही विज्ञान की कला हे नववीतच ठरतं. शिवाय नववी आणि दहावी या दोन्ही वर्षांची बोर्डाची परीक्षा वेगवेगळी होते आणि मॅट्रिकचा निकाल दोन्ही मिळून लागतो.

श्रीलंकेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. ओ-लेव्हलला साधारण नऊ विषय असतात. सहांत पास आणि त्यांतल्या तिनांत ‘क्रेडिट’, म्हणजे साध्या पासच्या वरची श्रेणी, असेल तर ए-लेव्हलला बसता येतं. म्हणजे शाखा ठरते ती अकरा वर्षं सगळे विषय शिकून झाल्यावर, आणि नंतर मुख्य विषय फक्त तीन. डॉक्टर व्हायचं असेल तर जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र. वैद्यकीयसाठी आपल्या नीटसारखी वेगळी प्रवेश परीक्षा नाही. जे काही होणार ते ए-लेव्हलवरच.

हे तीन विषय एकाच तराजूत तोलायचे कसे? त्यासाठी २००१ पासून तिथे झेड-स्कोअर वापरतात. समजा, एका वर्षी भौतिकशास्त्राची सरासरी ४० आली आणि जीवशास्त्राची ५५. दोन्हीत ६० गुण मिळवणाऱ्या मुलीने खरी बाजी मारली ती भौतिकशास्त्रात. तिचे गुण सरासरीच्या किती वर आहेत, हे त्या विषयातले सगळ्यांचे गुण किती पसरलेले आहेत त्या मापाने मोजायचं. तिन्ही विषयांचे असे आकडे काढून त्यांची सरासरी घ्यायची. चार दशांश स्थळांपर्यंतचा तो आकडा तिथल्या घराघरांत पाठ असतो.

त्यानंतर जिल्हा येतो. बहुतेक अभ्यासक्रमांत ४० टक्के जागा साऱ्या देशाच्या गुणवत्तेवर, ५५ टक्के जिल्ह्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि ५ टक्के मागास जिल्ह्यांसाठी राखीव. त्यामुळे कोलंबोच्या मुलाला जो झेड-स्कोअर अपुरा पडतो, त्यावर मुल्लैतीवूसारख्या मागास जिल्ह्यातली मुलगी वैद्यकीयला जाऊ शकते. यामागचा इतिहास कडू आहे. १९७१ मध्ये ‘प्रमाणीकरणा’च्या नावाखाली माध्यमानुसार वेगवेगळी पात्रता लावली गेली. वैद्यकीयसाठी ४०० पैकी सिंहली मुलांना २२९ गुण पुरत, तमिळ मुलांना २५० लागत. जाफन्याच्या तरुणांत त्यावरून जो संताप पेटला, तो पुढच्या यादवी युद्धाच्या कारणांत आवर्जून सांगितला जातो. भाषेऐवजी जिल्हा हा निकष आला तो या अन्यायानंतर.

मराठवाड्यातल्या वाचकांना हा वाद परका वाटणार नाही. वैद्यकीय प्रवेशात ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के राज्यभरासाठी, हे सूत्र महाराष्ट्रात २०२० पर्यंत होतं. ते रद्द व्हावं ही मागणी मराठवाड्यातूनच जोराने झाली, कारण कॉलेजं कमी असलेल्या विभागाला त्या वाटपात जागाही कमीच येत होत्या. श्रीलंकेत कॉलेज कुठे आहे याला किंमत नाही, मुलगा कुठल्या जिल्ह्यातला हे बघतात. त्यामुळे तीच कल्पना तिथे दुर्बळ भागाच्या बाजूने उभी राहते. मला श्रीलंकेची रीत अधिक न्याय्य वाटते. तिची किंमत मात्र मोठी आहे. ए-लेव्हल तीनदा देता येते, आणि पात्र ठरलेल्या बहुतेकांना सरकारी विद्यापीठात जागा मिळतच नाही. एकोणीस-वीस वर्षांची मुलं दुसऱ्या, तिसऱ्या प्रयत्नासाठी ट्युशन क्लासला बसलेली असतात.

नेपाळने उलट वाट धरली. एसएलसीला तिथे ‘फलामे ढोका’, लोखंडी दरवाजा म्हणत. नापासांचे लोंढे थांबावेत म्हणून अक्षरश्रेणी आली आणि दहावीत अडकणं जवळपास संपलं. पण गणितात अगदी खालची श्रेणी घेऊन मुलं अकरावीत पोचू लागली, तेव्हा नियम पुन्हा कडक करून लेखी परीक्षेत ३५ टक्क्यांची अट घातली गेली. २०२४ च्या निकालात निम्म्याहून जास्त मुलांना ती पार करता आली नाही. त्यांच्यासाठी श्रेणीवाढीची फेरपरीक्षा आहे, आपल्या पुरवणी परीक्षेसारखी. ज्या देशात शहरातल्या खासगी शाळा आणि डोंगरातल्या सरकारी शाळा यांच्यात एवढं अंतर आहे, तिथे एकच अट सर्वांना लावताना श्रीलंकेसारखा जिल्ह्याचा विचार व्हायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात भूतान : दिल्लीच्या परीक्षा मंडळाकडून बारावीची परीक्षा आपल्या हाती घेतलेला देश.