लाकडी बैल आणि मोठी माणसे

खेळणे मुलांचे आणि काम मोठ्यांचे, अशी एक सोयीची वाटणी आपण करून ठेवली आहे. ही वाटणी कितपत खरी आहे हे ज्याला पाहायचे असेल त्याने पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात विदर्भातल्या कोणत्याही गावातून एक फेरी मारावी. गोंदियाला लागून असलेल्या आमच्या मुर्रीतही ती मारता येईल. ओसरीवर लाकडी बैल काढून ठेवलेला असतो आणि त्याच्याभोवती बसलेली माणसे चाळिशी-पन्नाशीची असतात. कोणी जुना रंग खरवडतो, कोणी चाकाची खीळ बदलतो, कोणी झुलीला बेगड लावतो. ज्याच्या नावाने हे चालले आहे तो पाच वर्षांचा धनी मात्र जवळ उभा राहून ‘मला हात लावू द्या’ म्हणून रडत असतो. मोठी माणसे खेळण्यात एवढा जीव का घालतात आणि त्यातून कोणाच्या पदरात काय पडते, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

येथे बसलेल्यांना तान्हा पोळा समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु ही भाषणे छापली जातात, तेव्हा बाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा भरतो. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही, त्याला धुवायचे, शिंगे रंगवायची, गोडधोड खाऊ घालायचे आणि तोरणाखाली उभे करायचे. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचा पोळा. मुले चाकांवरचा लाकडी नंदी दोरीने ओढत चौकात आणतात. मग घरोघर फिरतात आणि घरधनी नंदीची पूजा करून मुलाच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतो. याला आपण बोजारा म्हणतो. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसरे रघूजी, ज्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६ अशी झाली, त्यांनी मुलांसाठी हा सण सुरू केला असे नागपुरात परंपरेने सांगतात.

सणाला एवढे वय असले, तरी चाकांवरचा बैल त्याहून फारच जुना आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे गाव आहे. तेथे १९७४ साली झाडाचे मूळ खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. त्यांत हत्ती, गेंडा आणि रेडा आहेत, आणि दोन बैल जोडलेला व उभा हाकणारा असलेला एक रथ आहे. हा रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे. चारही वस्तू चाकांवर बसवण्यासाठी घडवलेल्या आहेत आणि चौघींचे मिळून वजन साठ किलोंच्या वर भरते. त्या पूजेच्या होत्या की मिरवणुकीच्या, यावर विद्वानांचे वाद आहेत. एवढे मात्र उघड आहे की, पाच वर्षांच्या मुलाने ओढायची ती वस्तू नव्हे. कोणा मोठ्या माणसाने, मोठ्या हौसेने, चाकांवरचे जनावर घडवले आणि ते चारचौघांना दाखवले. आपल्या पूर्वेला, छत्तीसगडात, पोळ्याला मातीचे बैल करतात. आपण लाकडाचे करतो. माती, लाकूड, कासे; द्रव्य बदलते, हौस तीच.

आता ही वस्तू घडते कशी ते पाहू. चांगला नंदी सागाचा. सुतार आधी लाकूड निवडतो, वाकसाने तासून धड काढतो, पटाशीने वशिंड आणि गळ्याची पोळी कोरतो, मग कानस आणि काचकागद. पाहणाऱ्याला सगळी कला तोंडात आणि शिंगांत दिसते. सुताराचे लक्ष पायांवर असते. पायाच्या लाकडाचे रेषे उभे पडले पाहिजेत. आडवे पडले तर दिसायला फरक नाही, पण एका धक्क्यात पाय मोडतो. मग पाट, पाटाखाली चाके, आणि येथे सुताराचे काम संपते. पुढचे घरचे लोक करतात: वेसण, कासरा, घुंगरमाळ, मठाटी, झूल. ज्याच्या वडिलांकडे खरी जोडी होती, त्याची झूल पाहताच ओळखू येते. तो गाठ मारतो ती बैलाला मारायची गाठ असते.

या गाठीतच मोठ्यांच्या हौसेचे कारण आहे, असे मला वाटते. खरा बैल आपल्या डोळ्यांदेखत जात आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातील नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ च्या गणनेत ते सुमारे ४ कोटी ७४ लाख राहिले. सात वर्षांत शंभरातले तीस गेले. याच काळात गाई मात्र वाढल्या. म्हणजे जनावर नकोसे झाले असे नाही. दूध हवे आहे, खांदा नको आहे. धानाच्या बांधीत चिखलणीला ट्रॅक्टर आला, आणि रेंगी, दमणी हे शब्द नातवाला समजावून सांगावे लागतात. यात रडण्यासारखे काही नाही. बैलामागे दिवसभर चिखल तुडवणाऱ्या माणसाच्या पायांना विचारा, तो ट्रॅक्टरच मागेल. पण ज्या जनावराबरोबर बालपण गेले त्याची ओळख हाताला विसरू द्यायची नसते. म्हणून गोठा रिकामा झाल्यावर ओसरीवरचा बैल मोठा होऊ लागतो.

असे आपल्याकडेच घडते असे समजू नका. डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाच्या गावी ओले कर्क क्रिस्टियनसेन नावाचा एक सुतार होता. मंदीत घरबांधणीची कामे आटली, तेव्हा १९३२ साली तो लाकडी खेळणी करू लागला. त्याच कारखान्याचे नाव पुढे लेगो झाले. एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांचे त्यांचे पेटंट १९५८ चे. १९६० साली लाकडी खेळण्यांच्या कोठाराला आग लागली आणि कंपनीने लाकूड सोडून दिले. १९५८ ची वीट आजच्या विटेत बसते. आणि आठ टिकल्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१ कोटींहून अधिक तऱ्हांनी जोडता येतात. लहानपणी या विटांशी खेळलेली माणसे आज केस पिकल्यावरही त्यांतून पूल, आगगाड्या, देवळे उभारतात, सभागृहे घेऊन प्रदर्शने मांडतात, आणि एकमेकांच्या युक्त्या न लपवता सांगतात.

येथे आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांनी कान टवकारावे अशी एक गोष्ट आहे. ही हौशी माणसे इतक्या चांगल्या कल्पना काढतात, हे कंपनीच्या ध्यानात आले. तिने योजना काढली: कोणीही आपली रचना मांडावी, तिला दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तिचा विचार करील, आणि ती बाजारात आली तर मूळ कर्त्याला निव्वळ विक्रीच्या एक टक्का मिळेल. एक टक्का कमी की जास्त, यावर आपण वाद घालू शकतो. मी तर घालीनच. पण पेटीत कर्त्याचे नाव छापले जाते आणि त्याचा वाटा ठरलेला असतो, हे तत्त्व मोलाचे आहे. हौसेतही श्रम असतो आणि श्रमाला धनी असतो, एवढे तेथे मान्य झाले.

याची दुसरी बाजूही आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांचे एक खेळणे काढले. पुढे ते मेकॅनो नावाने जगभर गेले. १९३४ साली मँचेस्टरला हार्ट्री आणि पोर्टर या दोघा शास्त्रज्ञांनी त्याच पट्ट्यांतून अवघड गणिते सोडवणारे यंत्र उभे केले. एवढ्या लाडक्या वस्तूचा लिव्हरपूलचा कारखाना मालकांनी १९७९ च्या नोव्हेंबरात अचानक बंद केला. कामगारांनी कारखाना ताब्यात घेऊन धरणे धरले, तरी तो वाचला नाही. मेकॅनोचे प्रेमी आजही क्लब चालवतात, जुन्या पट्ट्या जपतात. खेळणे जगले, पण ते घडवणारे हात पांगले. वस्तूवर प्रेम करणे आणि ती घडवणाऱ्याची आठवण ठेवणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

श्रोतेहो, आता आपल्या चौकात परत या. आपल्या सजावट स्पर्धांत नंदी उंच होत चालले आहेत. उंच नंदीला बक्षीस, भारी झुलीला बक्षीस. ध्वनिक्षेपकावरून मालकाचे नाव पुकारले जाते, बक्षीस देणाऱ्या पुढाऱ्याचे दोनदा पुकारले जाते. ज्याने पायाचे रेषे उभे ठेवले त्या सुताराचे नाव कोणी विचारीत नाही. आणि नंदी एवढा मोठा की तो मुलाला ओढवत नाही. मुलगा त्याच्या शेजारी फेटा बांधून उभा राहतो, बाप आणि काका ओढतात. तेव्हा हा सण कोणाचा, असा प्रश्न विचारावा लागतो.

सुतारापुढे आणखी एक अडचण आहे. खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा केंद्र सरकारचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले. विषारी रंग आणि धारदार कडा यांपासून मुले वाचावीत हा हेतू चांगला आहे. पण तपासणीचा खर्च कारखान्याला झेपतो, वर्षातून दहा-वीस बैल घडवणाऱ्याला नाही. म्हणून विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः घडवून विकलेल्या मालाला सूट दिलेली आहे. यातला ‘नोंदलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा. ज्याची नोंद नाही त्याला सूट नाही. त्याचप्रमाणे १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतार आहे आणि पारंपरिक खेळणी करणाराही आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज पाच टक्के व्याजाने, अशी तिची तरतूद आहे. कागद भरून देणारा कोणी भेटला नाही, तर ही तरतूद कागदावरच राहते. हौशी मंडळींनी झुलीसाठी जेवढी धावाधाव केली तिच्या निम्मी जरी या कागदासाठी केली, तरी पुढच्या पिढीला नंदी घडवणारा सुतार मिळेल.

म्हणून माझी मंडळांना तीन मागण्यांची यादी आहे. मागण्यांशिवाय भाषण संपवण्याची मला सवय नाही. पहिली: प्रत्येक नंदीच्या पाटावर घडवणाऱ्या सुताराचे नाव आणि साल कोरलेले असावे, आणि चौकात मालकाबरोबर तेही पुकारावे. दुसरी: जो नंदी मुलाला एकट्याने ओढता येतो त्याच्यासाठी वेगळे बक्षीस ठेवावे, आणि ते मोठ्या नंदीच्या बक्षिसापेक्षा कमी नसावे. तिसरी: तान्ह्या पोळ्याच्या आधीच्या एका रविवारी सुतार, घरची मोठी माणसे आणि मुले यांना एकत्र बसवावे. मोठ्यांना मठाटीची गाठ येते, सुताराला रेषे कळतात, मुलांना यातले काहीच येत नाही. त्यांच्या हातात काचकागद द्यावा. पहिल्या वर्षी दोन-चार बैलांचे कान घासून जातील. ते चालेल.