पत्ते मोजण्याची विद्या

गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आम्हांस भेटावयास आला. तो पणजीच्या एका हॉटेलात नोकरीस आहे. इकडची तिकडची विचारपूस झाल्यावर त्याने हळूच प्रश्न केला, "फादर, कोणास न फसविता, केवळ डोक्याने हिशेब करून जुगारात पैसे जिंकले, तर ते पाप होईल का?" मांडवी नदीत नांगरलेल्या कॅसिनो-जहाजांवर ब्लॅकजॅक नावाचा पत्त्यांचा खेळ चालतो, त्यात पत्ते मोजण्याची विद्या साधली की मनुष्य हमखास जिंकतो, असे त्याच्या कानी आले होते. वर्षभराची शिल्लक त्याच्यापाशी होती, आणि बहिणीचे लग्न ईस्टरनंतर ठरले होते. त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेता येईना.

ही विद्या खोटी नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ह्या खेळात हातच्या पत्त्यांची बेरीज २१ च्या जवळ न्यावयाची, पण ती ओलांडावयाची नाही. फाशाला मागचे दान आठवत नाही. पत्त्यांचे तसे नाही. वाटून झालेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. म्हणून उरलेल्या पत्त्यांत चित्रे, दश्श्या व एक्के अधिक राहिले, तर खेळणाऱ्याचे पारडे जड होते. एक्का व दहाच्या किमतीचे पान एकदम आले की त्याला दीडपट मिळते. शिवाय वाटणाऱ्यास १७ होईपर्यंत पाने घ्यावीच लागतात व मोठी पाने त्याला बुडवितात.

हे गणिताने सिद्ध केले एडवर्ड थॉर्प ह्या अमेरिकन प्राध्यापकाने. त्या काळच्या अवाढव्य आयबीएम ७०४ संगणकावर हिशेब करून त्याने १९६२ साली आपले पुस्तक छापले. पुढे मोजणीची सोपी रीत रूढ झाली. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे पान दिसले की मनात एक मिळवावा; सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यावी; दश्शी, गुलाम, राणी, राजा वा एक्का दिसला की एक वजा करावा. आलेल्या आकड्यास शिल्लक जोडांच्या संख्येने भागावे. आकडा सहा व जोड तीन उरले असतील, तर उत्तर दोन. उत्तर वाढले की पैज वाढवावयाची. एवढेच. आमच्या शाळेतील चौथीच्या मुलासही हे समजेल.

मग सारे गणिती श्रीमंत का झाले नाहीत? कारण लाभ फार बारीक आहे. सर्व काही बिनचूक साधले तरी शंभर रुपयांच्या पैजेमागे सरासरी रुपया-दीड रुपया, आणि तोही हजारो डावांअंती. मधल्या काळात कित्येक दिवस लागोपाठ हार होऊ शकते. ती सोसण्याइतके भांडवल ज्याच्यापाशी आहे, त्याला बहिणीच्या लग्नाची काळजी क्वचितच असते.

कॅसिनोवालेही झोपलेले नाहीत. नेव्हाडात मोजणाऱ्यास सरळ बाहेरची वाट दाखवितात. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली केवळ मोजतो म्हणून कोणास हाकलू नये असा निर्णय दिला. तेव्हापासून तेथे वारंवार पत्ते पिसण्याचा उपाय योजला जातो. कोठे अखंड पिसणारे यंत्र असते, तर कोठे दहाच्या पैजेवर पंधराऐवजी बाराच हाती ठेवतात. ह्या एका बदलाने सारा लाभ पुसला जातो.

मोजणे ही फसवणूक नव्हे, हे आम्हीही मानतो. लपविलेले यंत्र वापरणे मात्र नेव्हाडात गुन्हा आहे. अमेरिकेत काही ख्रिस्ती तरुणांनी, त्यांत पाळकही होते, ह्या कामासाठी टोळी उभारली. तिच्यावर २०११ साली चित्रपट निघाला. कॅसिनोचा वाईट पैसा आपण काढून घेतो, असा त्यांचा युक्तिवाद. आम्हांस तो जरा सोयीचा वाटतो. ख्रिस्तसभेची शिकवण पत्त्यांना वा पैजेला मुळात अन्याय्य म्हणत नाही. स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचा पैसा त्यात गेला की मात्र ती त्यास अयोग्य ठरविते. तेव्हा आम्ही त्या तरुणास पापाविषयी न विचारता, तो पैसा कोणाचा, एवढेच विचारले. तो काही बोलला नाही.

मग आम्ही त्याच्या खिशातला जोड मागितला. ५२ पाने एकेक करून मोजली तर शेवटी शून्य यावे, आणि तेही अर्ध्या मिनिटात, असा ह्या विद्येचा पहिला पाठ आहे. व्हरांड्यात बसून त्याने पाने टाकली व आम्ही घड्याळ धरले. पहिल्या खेपेस तीन उरले. दुसऱ्या खेपेस उणे एक. तिसऱ्या खेपेस शून्य आले, पण तोवर पावणेदोन मिनिटे झाली होती, आणि मध्यंतरी अंगणातून त्याच्या आईने दोनदा हाक मारलेली त्याला ऐकू आली नव्हती.