कोसळलेला डोंगर आणि अडलेली नदी

पर्वताला आपण ‘अचल’ म्हणतों, ‘भूधर’ म्हणतों. जो हालत नाहीं तो, आणि ज्यानें पृथ्वी धरून ठेविली आहे तो. परंतु आपल्याच पुराणांत पर्वतांना पूर्वीं पंख होते, ते मनास येईल तेथें उडून बसत, म्हणून इंद्रानें वज्रानें ते पंख छाटले, अशीही एक कथा आहे. वर्गांत ही कथा निघाली म्हणजे मुलें हंसत. मला मात्र वाटतें कीं, ज्यानें ती प्रथम रचिली त्यानें एखादा डोंगर प्रत्यक्ष कोसळतांना पाहिला असावा.

हिमालय अद्यापि स्थिर झालेला नाहीं. भारताच्या भूमीचा प्रचंड थर दरवर्षी सुमारें ४ ते ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आहे व तो तिबेटाच्या भूमीखालीं घुसत आहे. घर्षणानें अडकून बसलेले खडक शेंकडों वर्षें ताण सोसतात आणि एके दिवशीं एकदम सुटतात. मैदानांत भूकंप झाला तर घरें पडतात. डोंगरांत घर ज्या उतारावर उभें असतें तो उतारच पडतो. कड्याच्या माथ्याला पायथ्यापेक्षां अधिक हादरा बसतो. त्यांतून खडकांच्या भेगांत पावसाचें पाणी मुरलेलें असलें, म्हणजे विचारावयासच नको.

इतकें झालें तरी अनर्थ संपला असें होत नाहीं. पडलेला ढिगारा दरींत येतो, आणि दरींत नदी असते. ती अडते, तिच्यामागें सरोवर वाढूं लागतें. अशा बांधाला ना पाया, ना सांडवा. माथ्यावरून पाणी वाहूं लागलें कीं तें माती-दगड खरवडून आपली वाट खोल व रुंद करीत जातें, आणि कित्येक वेळां कांहीं तासांतच सारें सरोवर खालच्या वस्तीवर येऊन आदळतें. खालच्या लोकांस त्यापूर्वीं दिसतें तें एवढेंच कीं, नदी अकस्मात् आटली! कोरड्या पात्रांत मासे वेंचावयास मुलें धांवतात. वास्तविक त्या वेळीं नदीकडे पाठ करून डोंगर चढावयाचा असतो.

चीनच्या सिच्वान प्रांतांत १ जून १७८६ रोजीं भूकंप झाला व दादू नदी अडली. १० जूनला बांध फुटला, आणि त्या पुरांत लाखभर माणसें गेलीं असें सांगतात. आपल्या आसामांत १५ ऑगस्ट १९५० च्या सायंकाळीं, स्वातंत्र्यदिनींच, ८·६ प्रतीचा भूकंप झाला. सुबनसिरी नदी डोंगरांत अडली व कांहीं दिवसांनीं सुटली. त्या लोंढ्यांत पांचशेंहून अधिक माणसें वाहून गेलीं. भूकंपांतून तीं वांचलीं होतीं, हें लक्षांत घ्यावें. मधले सारे दिवस त्यांच्या हातीं होते. नव्हती ती केवळ बातमी.

त्याच सिच्वानांत १२ मे २००८ रोजीं पुन्हां मोठा भूकंप झाला. थांगच्याशान येथें डोंगर पडून नदी अडली, तेव्हां हेलिकॉप्टरांतून यंत्रें नेऊन बांधावर चर खणला, खालचीं दोन लाखांहून अधिक माणसें हलविलीं, आणि १० जूनला पाणी उतरविलें. तारीखही तीच! या वेळीं त्या पाण्यानें कोणाचा बळी घेतला नाहीं.

ही आधुनिक यंत्रांची किमया, असें कोणी म्हणेल. त्यांच्यासाठीं गढवालांतील गोहनाची हकीकत सांगावीशी वाटते. सप्टेंबर १८९३ मध्यें अलकनंदेस मिळणाऱ्या बिरही गंगेच्या दरींत, गोहना गांवाजवळ, डोंगराची एक बाजू कोसळली. हें पडणें भूकंपाचें नव्हे; नदीनें पायथा पोखरलेला व पावसानें कडा भिजलेला. पण अडलेल्या नदीस कारणाशीं काय कर्तव्य? सुमारें ९०० फूट उंचीचा बांध पडला. पटवाऱ्यानें ‘डोंगर पडला’ अशी खबर धाडली. डोंगरांत दरडी नेहमींच पडतात, म्हणून ती प्रथम कोणी फारशी मनावर घेतली नाहीं.

पुढें पुलफोर्ड नांवाचे इंजिनियर तेथें गेले. पाणी किती येतें व दरी किती मोठी, याचा हिशेब करून त्यांनीं सांगितलें कीं, सरोवर पुढच्या ऑगस्टांत भरून वाहूं लागेल. त्रैराशिकाचेंच गणित, पण किती मोलाचें! हातीं जवळजवळ वर्ष होतें. बांधापासून हरद्वारापर्यंत तारायंत्राची ओळ घातली. पूर कोठवर चढेल याचा अंदाज करून नदीकांठानें उंचावर खुणेचे खांब उभारले, झुलते पूल सोडवून ठेविले, आणि लोकांस वेळींच खुणेच्या वर नेलें.

२५ ऑगस्ट १८९४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास बांध फुटला. साडेचार तासांत एक हजार कोटी घनफूट पाणी निघून गेलें व सरोवराची पातळी ३९० फूट उतरली. बदरीकेदारास जाऊन आलेल्या आपल्या घरच्या वडील मंडळींनीं अलकनंदेच्या कांठचें जें श्रीनगर पाहिलें असेल, तें नंतर वसविलेलें. जुनें श्रीनगर त्या रात्रीं वाहून गेलें. माणसें मात्र वर उभीं राहून वांचलीं. साऱ्या नदीकांठीं मृत्यु पांचच: एक फकीर व त्याचें कुटुंब. त्यांना तेथून हलविलें होतें, पण तीं परत बांधाखालीं येऊन राहिलीं. घर सोडवत नाहीं, हें समजण्यासारखें आहे. आपल्यापैकीं किती जणांना तें सोडवलें असतें?

बांधाचा उरलेला भाग टिकला, त्यामागें लहानसें तळें राहिलें, व पाऊणशें वर्षें प्रवासी तें पाहावयास जात. जुलै १९७० च्या महापुरांत तेंही गेलें. त्या पुराचा गाळ थेट हरद्वारापर्यंत येऊन गंगेच्या कालव्याचें तोंड बुजलें.