ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचा शिक्का

गलगंडाची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडलेल्या एखाद्या रुग्णाच्या ओठांभोवती एकदोन दिवसांत मुंग्या येऊ लागतात, बोटे आखडतात आणि रक्तदाब मोजण्यासाठी दंडाला आवळलेल्या पट्ट्याखाली हाताचा पंजा आपोआप आत वळतो, तेव्हा रक्तातले कॅल्शियम उतरले आहे हे अनुभवी वैद्याला तपासणीचा अहवाल हाती येण्यापूर्वीच उमगते. प्रौढ देहात सुमारे एक किलो कॅल्शियम असते व त्यातले शेकडा ९९ भाग हाडांत असतात. परंतु स्नायू आणि मज्जातंतू यांचा कारभार ज्या रक्तगत अंशावर चालतो, तो १०० मिलिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम एवढ्या अरुंद मर्यादेतच राहावा लागतो.

ही राखण अवटू ग्रंथीच्या पाठीला चिकटलेल्या, बहुधा चार, अशा चिमुकल्या परावटू ग्रंथी करतात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एका भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनात त्या रिचर्ड ओवेन यांना आढळल्या होत्या. मानवी देहातील त्यांचे सविस्तर वर्णन मात्र १८८० साली उप्सालाच्या ईवार सांडस्ट्रम यांनी केले. गलगंड काढताना त्या दुखावल्या वा निघून गेल्या, तर वरील संकट ओढवते.

अशा वेळी नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या पुष्कळदा अपुऱ्या पडतात. कारण अन्नातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात यावयाचे तर ड जीवनसत्त्वाचा हुकूम लागतो, आणि त्वचेने उन्हात तयार केलेले अथवा औषधातून घेतलेले ड जीवनसत्त्व हा केवळ कच्चा मसुदा असतो. त्यावर पहिला शेरा यकृताचा, आणि दुसरा, ज्याने तो अंमलात येतो तो शिक्का, मुख्यतः मूत्रपिंडाचा. हे काम मूत्रपिंडात होते हे केंब्रिजचे फ्रेझर आणि कोडिसेक यांनी १९७० साली दाखवून दिले. मूत्रपिंडाला शिक्का मारण्याची तातडीची ताकीद परावटूचे संप्रेरक देते. ताकीद देणारा गेला, किंवा जुनाट विकाराने मूत्रपिंडच निकामी झाले, म्हणजे मसुद्यांचे ढीग पडूनही हुकूम सुटत नाही.

मूत्रपिंडाचा शिक्का आधीच मारलेल्या, म्हणजे सक्रिय, ड जीवनसत्त्वाच्या औषधाचे मर्म येथेच आहे. कॅल्सिट्रिऑल दोन्ही शेरे घेऊनच देहात उतरते. अल्फाकॅल्सिडॉलला फक्त यकृताचा शेरा बाकी असतो. सक्रिय झालेले हे औषध आतड्याच्या पेशींकडून कॅल्शियम वाहून नेणारी प्रथिने तयार करवून घेते, आणि ड जीवनसत्त्वाच्या अभावी शेकडा १०-१५ एवढेच होणारे शोषण ३०-४० पर्यंत चढते. मात्रा असते मायक्रोग्रॅमच्या पाव हिश्शाची. तिला परिणाम दाखवावयास काही काळ लागतो. म्हणून पेटके चालू असताना शिरेतून सावकाश कॅल्शियम देणे, व मॅग्नेशियम कमी असल्यास तेही भरून काढणे, हे आधी करावे लागते.

आपल्याकडे आठवड्याला घ्यावयाची ६०,००० एककांची जी पुडी सर्वपरिचित आहे, ती मात्र साध्या ड जीवनसत्त्वाची. ती चरबीत साठून दीर्घकाळ पुरते, तर कॅल्सिट्रिऑल काही तासांत ओसरू लागते. ऊन कमी मिळाल्यामुळे जीवनसत्त्व घटलेल्या, परंतु मूत्रपिंड व परावटू शाबूत असलेल्या माणसाला ती पुडीच योग्य. कॅल्शियमच्या गोळीत कॅल्सिट्रिऑल मिसळून सरसकट विकण्याची जी चाल पडली आहे, ती मला तरी अप्रशस्त वाटते. उलट, प्रयोगशाळेतली नेहमीची तपासणी यकृताच्या शेऱ्यापर्यंतचेच मोजते. अहवाल निर्दोष असूनही रुग्णाला सक्रिय औषधाची गरज असू शकते.

सक्रिय औषधाने मूत्रपिंडाची अडवणूक टळते, पण तिच्याबरोबर त्याचा अंकुशही जातो. परावटूचे संप्रेरक नसताना कॅल्शियम लघवीतून अधिक वाहून जाते आणि खडे होण्याची भीती राहते. यास्तव रक्तातले प्रमाण मर्यादेच्या खालच्या कडेजवळच ठेवण्याचा डॉक्टरांचा रोख असतो, व रक्त आणि लघवी वरचेवर तपासावी लागते. तहान फार लागणे, लघवी वाढणे, मळमळ, बद्धकोष्ठ अशी लक्षणे दिसू लागली, तर पुढची मात्रा घेण्यापूर्वी डॉक्टरांना गाठावे.