यंत्र येतें, विद्या येते काय ?

एका देशांत लागलेला शोध दुसऱ्या देशाच्या उपयोगी पडावा, ही इच्छा नवी नाहीं. मनुष्यजातीच्या इतिहासाचा बराच मोठा भाग अशा देवघेवीनेंच भरलेला आहे. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या देवघेवीला कर्तव्याचें स्वरूप आलें आहे. दगडी कोळसा व खनिज तेल जाळून जे देश सुखवस्तु झाले, त्यांनीं हवेंत सोडलेल्या वायूंमुळें पृथ्वीचें तपमान वाढलें. आणि त्या वाढीचा जाच मात्र ज्यांनीं कोळसा फारसा जाळला नाहीं अशा देशांना, व त्या देशांतहि कोरडवाहू शेतकऱ्यांना, अधिक सोसावा लागतो. तेव्हां या संकटाशीं झुंजण्याचीं साधनें सुखवस्तु देशांनीं इतरांस द्यावीं, हें न्यायाचेंच झालें. प्रश्न उरतो तो एवढाच, कीं ‘देणें’ म्हणजे नेमकें काय ? या प्रश्नाचें उत्तर परिषदांच्या ठरावांपेक्षां यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या काळ्या रानांत अधिक स्पष्ट दिसतें.

तथापि आधीं ठरावांकडे एक दृष्टि टाकूं. १९९२ सालीं रिओ येथें जो हवामानविषयक करार राष्ट्रांपुढें सहीसाठीं ठेवण्यांत आला, त्यांतच विकसित राष्ट्रांनीं इतरांस तंत्रविद्या मिळवून देण्यास साहाय्य करावें असें कलम आहे. २०१० सालीं मेक्सिकोंतील कानकुन येथें त्यासाठीं स्वतंत्र यंत्रणा स्थापण्याचें ठरलें. तिचें एक केंद्र कोपनहेगन येथें असून, एखाद्या देशानें आपली अडचण कळविली म्हणजे तें जाणकार माणसें व सल्ला पुरवितें. २०१५ च्या पॅरिस कराराचें दहावें कलमहि याच विषयाला वाहिलेलें आहे. अशा सहकार्यास यश येऊं शकतें, याचा पुरावा त्याआधींच मिळाला होता. ओझोनच्या थराच्या रक्षणासाठीं १९८७ सालीं मॉन्ट्रिअल येथें करार झाला आणि १९९० सालीं त्यास जोडून एक निधि उभारण्याचें ठरलें. शीतकपाटांत वापरले जाणारे घातक वायु सोडून नवे वायु स्वीकारण्याचा गरीब देशांचा खर्च त्यांतून भागविला गेला. तेथें वस्तु थोड्या होत्या, कारखाने मोजके होते आणि पैसा आधींच बाजूस काढलेला होता. शेतीचें तसें नाहीं. लक्षावधि शेतें, प्रत्येकाची माती निराळी आणि प्रत्येक वर्षाचा पाऊस निराळा !

यवतमाळची शेती बहुतांशीं पावसावर अवलंबून आहे. कापूस, सोयाबीन व तूर हीं येथलीं मुख्य पिकें. येथली भारी काळी माती पाणी मिळालें म्हणजे फुगते व चिकट होते, आणि वाळली म्हणजे तिला खोल भेगा पडतात. वर्षभराच्या पावसाची बेरीज पाहिली तर ती कांहीं फार कमी भरत नाहीं. परंतु तो पाऊस पडतो कसा, हीच खरी अडचण आहे. पेरणीनंतर तीन-तीन आठवडे आकाश कोरडें राहतें, आणि मग दोन दिवसांत शेत वाहून जाईल एवढें पाणी कोसळतें. जुलै २०२३ मध्यें यवतमाळ शहरांत व महागांव तालुक्यांत अशीच अतिवृष्टि झाली, व पुरांत अडकलेल्या लोकांसाठीं हवाई दलाची मदत मागवावी लागली. ज्या जिल्ह्याचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें देशभर ऐकूं गेलें, तेथें बुडालेला एक हंगाम म्हणजे केवळ आंकड्यांतील तूट नव्हे.

बाहेरून आलेली विद्या या जिल्ह्याला अपरिचित नाहीं. पुसद तालुक्यांतील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळांत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि संकरित ज्वारीचा त्यांनीं मोठ्या हिरीरीनें पुरस्कार केला. ‘सी. एस. एच. १’ हा पहिला संकर १९६४ सालीं प्रसृत झाला. संकर करावयाचा तर मादी-वाणाच्या कणसांत सफल पराग नसावा लागतो. असा नरवंध्य वाण अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत तयार झाला होता, तो आपल्या संशोधकांच्या हातीं आला. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या सहकार्यानें जगभरच्या ज्वारीच्या वाणांचा संग्रहहि भारतांत जमला, आणि संकराचा दुसरा जनक त्या संग्रहांतून मिळाला. या ज्वारीची भाकरी गोड लागत नाहीं, ऐन कापणीच्या वेळीं पाऊस आला तर दाणा काळा पडतो, अशा तक्रारी पुढें झाल्या. परंतु त्या तक्रारी ऐकून नवा वाण काढूं शकणारा माणूस याच देशांत होता, कारण केवळ पिशवींतलें बीं नव्हे, तर तें बीं घडविण्याची विद्याच येथें आली होती. सी. एस. एच. ५, सी. एस. एच. ९ असे पुढचे संकर आपल्याच संशोधकांनीं सिद्ध केले.

कापसाची कथा याहून निराळी आहे. बोंडअळीस प्रतिकार करणारा बी. टी. कापूस २००२ सालीं भारतांत अधिकृतपणें लागवडीस आला. त्यांतील मूळ गुण परदेशी कंपनीच्या मालकीचा होता. येथल्या बियाणे-कंपन्यांनीं परवाना घ्यावा आणि विकल्या जाणाऱ्या बियाण्यामागें शुल्क द्यावें, अशी व्यवस्था होती. त्या शुल्कावरून वर्षानुवर्षें वाद चालले, आणि अखेर २०२० सालीं सरकारनें तें शून्यावर आणलें. आरंभीं अळी आवरली, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु हा गुण येथें बहुतेक संकरित वाणांतूनच मिळाल्यामुळें बियाणें दर वर्षीं विकत घेणें भाग पडलें, आणि गुलाबी बोंडअळी कालांतरानें त्याला सरावली. २०१७ च्या हंगामांत तर याच जिल्ह्यांत कापसावर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषध गांवोगांव पोंचलें होतें, फवारणीचा पंपहि पोंचला होता. तोंडावरचा मुखवटा, हातमोजे, आणि डब्यावरची सूचना समजावून सांगणारा माणूस हे मात्र त्याच वेगानें पोंचले नव्हते. ज्वारी काय किंवा कापूस काय, हीं उदाहरणें हवामानाच्या करारांतलीं नव्हेत. परंतु त्या करारांखालीं जें जें येईल तें याच दोहोंपैकीं एका वाटेनें येणार आहे.

आतां खास हवामानाच्याच एका साधनाकडे वळूं. हैदराबादजवळ पटनचेरू येथें १९७२ सालीं ‘इक्रिसॅट’ ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन-संस्था स्थापन झाली. भारी काळ्या जमिनीसाठीं तिनें रुंद वरंबा व सरी ही पद्धति पुढें आणली. सुमारें दीड-दीड मीटरवर सरी काढावयाची, मध्यें सुमारें मीटरभर रुंदीचा सपाट वरंबा ठेवावयाचा, आणि त्यावर पिकाच्या तीन-चार ओळी पेरावयाच्या. पाऊस बेताचा झाला तर पाणी सरींत थांबून मुरतें, आणि पुढच्या उघडिपींत तीच ओल पिकाला तगवून धरते. पाऊस अति झाला तर जादा पाणी सरींतून हळूहळू निघून जातें, मुळांशीं तुंबत नाहीं. अवर्षण व अतिवृष्टि या दोन उलट संकटांना एकच रचना उपयोगी पडते, म्हणून आजच्या लहरी पावसांत तिचें महत्त्व वाढलें आहे.

परंतु या पद्धतीचा प्रवास सरळ झाला नाहीं. वरंबे काढण्यासाठीं संस्थेनें ‘ट्रॉपिकल्टर’ नांवाचा, बैलांनीं ओढावयाचा चाकांचा गाडा पुढें केला. त्याचा मूळ आराखडा एका फ्रेंच अभियंत्याचा होता. गाडा कामाला उत्तम होता. पण नेहमींच्या अवजारांच्या मानानें त्याची किंमत कितीतरी पट होती, आणि बहुतेक शेतकऱ्यांनीं तो घेतला नाहीं. यंत्र नाकारलें गेलें, तरी विचार वांचला. तो कृषि विद्यापीठांनीं व हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनें उचलला, आणि ट्रॅक्टरमागें जोडावयाचें पेरणीयंत्र निघालें. वरंबा, सरी, बीं व खत हीं सारीं कामें तें एकाच फेरींत करतें. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाहीं त्यानें डवऱ्याला दोरी गुंडाळून उभ्या पिकांत सरी काढावी, अशीहि युक्ति वऱ्हाडांत सांगितली जाते. आंतरराष्ट्रीय संस्थेंतला विचार असा दोरीच्या तुकड्यापर्यंत उतरला, तेव्हांच तो येथला झाला असें म्हणतां येईल.

२०१८ सालीं याच प्रकारच्या कामाला मोठा पैसा मिळाला. जागतिक बँकेनें ४२ कोटि डॉलरांचें कर्ज मंजूर केलें, आणि महाराष्ट्र सरकारनें पंधरा जिल्ह्यांतील सुमारें पांच हजार गांवांसाठीं नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प हातीं घेतला. यवतमाळ त्या जिल्ह्यांपैकींच एक होय. ठिबक व तुषार सिंचन, शेततळीं, रुंद वरंब्यावरील पेरणी अशा कामांना त्यांतून साहाय्य मिळालें. मला त्यांतली सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट डोळ्यांना दिसणारी नाहीं. ती म्हणजे गांवाच्या पाण्याचा ताळेबंद. किती पाऊस पडला, किती वाहून गेला, किती मुरला, पिकांनीं किती घेतला, याचा हिशेब गांवापुढें मांडावयाचा. ही रीत बसविण्यांत मुंबईच्या आय. आय. टी. चें साहाय्य झालें. ठिबक बिघडलें तर दुरुस्त करणारा शोधावा लागतो. पण एकदां समजलेला हिशेब गांवाकडून कोणी परत नेऊं शकत नाहीं. मात्र हा पैसा दान नव्हे, कर्ज आहे, आणि तें फेडावयाचें आहे, याचा विसर पडतां कामा नये. पृथ्वी तापविण्यांत ज्यांचा वाटा थोडा, त्यांनींच बचावाचीं साधनें कर्ज काढून घ्यावीं काय, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय परिषदांत पुन्हा पुन्हा निघतो तो उगीच नव्हे.

शिकणारा कायम शिकणाराच राहतो असें मात्र नाहीं. आधुनिक ठिबक सिंचन इस्राएलांत सिम्खा ब्लास यांच्या प्रयत्नांतून पुढें आलें, आणि त्याचें उत्पादन तेथील एका सामुदायिक वसाहतींत सुरू झालें. पुढें आपल्या खानदेशांतील जळगांव हें ठिबकाच्या उत्पादनाचें मोठें केंद्र बनलें, आणि जळगांवच्या जैन उद्योगानें एक इस्राएली सिंचन-कंपनीच आपल्याकडे घेतली. विद्या पुरती हातीं आली म्हणजे घेणारा असा देणाऱ्याच्या शेजारीं जाऊन बसतो.

यवतमाळचा शेतकरी आपल्यापैकीं अनेकांना दूरचा वाटेल. पण अंगावरचा कापूस आणि ताटांतली तूर त्याच्याच रानांतून येते, आणि सरकारनें काढलेलें कर्ज आपल्याहि करांतून फिटतें. म्हणून एखादें नवें साधन परदेशांतून आल्याची वार्ता वाचली म्हणजे त्याच्या किंमतीबरोबर आणखी कांहीं गोष्टी विचाराव्या. तें बिघडलें तर तालुक्याच्या गांवीं दुरुस्त होईल काय ? तें आपल्या मातीप्रमाणें बदलण्याची मोकळीक आहे काय ? तें वापरणाऱ्याच्या जिवाची काळजी त्याबरोबर आली आहे काय ? आणि तें नको असल्यास नाकारण्याचा अधिकार शेतकऱ्यास उरतो काय ? या प्रश्नांना होकार मिळाला तरच तंत्रविद्या वांटली गेली असें समजावें. नाहीं तर केवळ एक वस्तु विकली गेली.